फ्रीजवरचा कागद

सध्या आमचं घर बदलणं चालू आहे. मेलबर्नच्या एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात. अंतर जेमतेम चार किलोमीटर, पण खोकी मात्र भारतातून येताना होती त्याच्या चौपट. कामांची वाटणी बायकोने केली, त्यामुळे फ्रीज पुसायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आतलं सगळं झालं, बाहेरचं झालं, आणि दारावर उरला एक ए-फोर कागद. चार कोपऱ्यांना चार मॅग्नेट, मधे फोडणीच्या तेलाचा डाग, आणि तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले शब्द.

"टाकू ना हा?" बायकोने विचारलं.

"थांब जरा," म्हटलं, आणि पुसायचं फडकं बाजूला ठेवून तिथेच खोक्यावर बसलो. आता बसलोच आहे तर त्या कागदाची गोष्टच सांगतो.

आम्ही इथे आलो जानेवारी २०२३ मध्ये. पुण्यात कंपनीची बस, इथे कंपनीजवळ ट्राम, बाकी कोड तोच आणि बग्जही तेच. माझं फारसं काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते पोरांचं. थोरली गार्गी तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा पाच. शाळेचं वर्ष इथे जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, म्हणजे विमानातून उतरल्यावर आठवड्याभरात दोघं वर्गात. इंग्लिश मीडियमची मुलं, त्यात काय अवघड, असं मला वाटत होतं. इंग्रजी ते इंग्रजीच ना!

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी गार्गीने विचारलं, "बाबा, डॉबर म्हणजे काय?"

मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "कुत्रा असतो गं. डॉबरमन. काळा, उंच, कान उभे."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला म्हणाले."

मी हसलो. खरंच हसलो, त्याची आजही लाज वाटते. वर बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इथल्या शाळांत उन्हाळ्यात टोपीशिवाय मैदानावर खेळू देत नाहीत. 'नो हॅट, नो प्ले'. ऊनच तसं असतं. एका मुलाने हिची टोपी पळवली आणि उंच फेकत बसला. हिने सरळ जाऊन बाईंना सांगितलं. टोपी मिळाली, पण दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या सुट्टीत शेजारी बसायला कुणी येईना. आणि मागून हळूच, 'डॉबर'.

आता गंमत बघा, "कुणी त्रास दिला तर लगेच बाईंना सांगायचं," हे पहिल्या दिवशी शाळेच्या गेटपाशी तिला बजावणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी लंचला टीममधल्या एका अस्सल मेलबर्नकराला विचारलं. त्याने हातातलं सँडविच खाली ठेवलं. 'टु डॉब' म्हणजे कुणाचं तरी नाव वरच्याला जाऊन सांगणं. चहाडी करणं. चहाडी आपल्याकडेही वाईटच, पण इथे तो जवळजवळ फौजदारी गुन्हा, असं काहीसं तो म्हणाला. लोक याचा संबंध थेट कैद्यांच्या काळाशी लावतात. १७८८ मध्ये ब्रिटनमधून अकरा जहाजं सिडनीला आली, तीच मुळी कैदी घेऊन. पुढे १८६८ पर्यंत एक लाख साठ हजारांवर कैदी इथे आणून सोडले. ज्यांच्या डोक्यावर सतत शिपायाचा चाबूक, त्यांच्यात शिपायाला जाऊन सांगणारा सगळ्यात नीच ठरणारच. खरंखोटं इतिहासकार जाणोत, पण दीडशे वर्षांनंतर माझ्या पोरीच्या डब्याशेजारची जागा रिकामी होती एवढं खरं.

वर्गशिक्षिकेला भेटलो. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही मुलांना दोन गोष्टी वेगळ्या शिकवतो. दुसऱ्याला अडचणीत आणण्यासाठी सांगणं म्हणजे डॉबिंग. कुणाला तरी अडचणीतून सोडवण्यासाठी सांगणं म्हणजे मदत मागणं. मी घरी येऊन गार्गीला हे मराठीत सांगितलं, एक चहाडी, एक तक्रार. तिला पटलं. पण पटल्याने काही बाकावर मैत्रीण येऊन बसत नाही.

त्या रात्री माझ्या डोक्यात एक ट्यूब पेटली. व्याकरण, स्पेलिंग सगळं आपण शिकवलं, पण हे शब्द आपल्यालाच माहीत नाहीत. आणि हे नुसते शब्द नाहीत, खेळाचे नियम आहेत. नवीन सोसायटीत राहायला गेल्यावर तिथल्या क्रिकेटमध्ये गच्चीवर बॉल गेला की आउट का सिक्स, हे आधी विचारावं लागतं ना, तसं. नियम पाटीवर लिहिलेले नसतात, मोडल्यावरच कळतात.

म्हणून तो कागद. ठरवलं की दर शनिवारी तिघांनी आठवड्यात ऐकलेला एकेक नवीन शब्द आणायचा. शेजारी मराठी अर्थ. अर्थ डिक्शनरीतून चालणार नाही, कुणाला तरी विचारूनच आणायचा. ही शेवटची अट माझी. त्या निमित्ताने तरी गार्गी वर्गात कुणाशी तरी बोलेल, एवढाच त्यातला कावा.

पहिल्या काही शनिवारी घाऊक भाव होता. दुपार म्हणजे आफ्टरनून नाही, 'आर्व्हो'. पेट्रोल पंप म्हणजे 'सर्व्हो'. डास 'मॉझी', नाश्ता 'ब्रेकी', गॉगल 'सनीज', पोस्टमन 'पोस्टी', दुलई 'डूना'. 'थाँग्ज' म्हणजे पायातल्या रबरी स्लिपर, ते तुम्हाला वाटतंय ते नाही. पोहायचे कपडे मेलबर्नमध्ये 'बेदर्स', आणि तेच क्वीन्सलँडला गेलात की 'टॉग्ज'. मॅकडोनाल्ड्सला तर सगळा देश 'मॅकाज' म्हणतो. इतका की २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच काही दुकानांवर तशी पाटी लावली होती.

माझा शब्द ऑफिसमधून आला. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज (हो, शुक्रवारी, आणि हो, मी विरोध केला होता). मी म्हटलं, एक टेस्ट फेल होतेय. लीड खुर्चीतून उठत म्हणाला, "शी'ल बी राइट, मेट." मी पाच मिनिटं विचार करत होतो, ही 'शी' कोण? क्यूए टीममध्ये तर सगळे पुरुष! 'शी' म्हणजे एकूण परिस्थिती. होईल सगळं ठीक. 'बघू, होतंय' या आपल्या राष्ट्रीय धोरणाचाच हा सख्खा भाऊ. (रविवारी रोलबॅक केला, तो भाग वेगळा.)

याच कागदावर मार्चच्या सुमारास गार्गीने एक शब्द आणला, 'फेअर गो'. शेजारी अर्थ लिहिलेला नव्हता. म्हणाली, "बाबा, हा मराठीत येत नाहीये." धाकट्याला मैदानावर मोठी मुलं बॅटिंग देत नव्हती, तेव्हा एक मुलगी ओरडली, "गिव्ह हिम अ फेअर गो!" आणि त्याला बॅट मिळाली. म्हणजे 'समान संधी' झालं, पण ते पाठ्यपुस्तकातलं वाटतं. मी विचार करून म्हटलं, आमच्या वाड्यात लहान पोराला 'कच्चा लिंबू' म्हणायचे. तो आउट झाला तरी चालायचं, पण बॅटिंग सगळ्यांसारखी मिळायची.

गार्गी म्हणाली, "नाही. कच्च्या लिंबूला खेळायला घेतात, पण मोजत नाहीत. फेअर गोमध्ये मोजतात."

नऊ वर्षांची पोर! मी गप्प. जेमतेम दोन महिन्यांच्या शाळेत तिला दोन्ही शब्दांतला फरक कळला होता, आणि का कळला होता हेही मला कळलं.

मे महिन्यात कांगारूवरून माझी चांगलीच फजिती झाली. मुलांना मी लहानपणी वाचलेला किस्सा रंगवून सांगितला. कॅप्टन कुकने उड्या मारणारा प्राणी बघून विचारलं, हे काय? स्थानिक माणूस म्हणाला 'कांगारू', म्हणजे 'मला तुझी भाषा कळत नाही'. आणि गोऱ्यांनी तेच नाव ठेवलं! हा हा हा. धाकटा हसला. गार्गी नाही. पुढच्या आठवड्यात तिने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक आणून माझ्यासमोर आदळलं. ती थाप आहे.

खरी गोष्ट अशी. १७७० मध्ये कुकचं जहाज ईशान्य किनाऱ्यावर खडकात अडकून फुटलं. दुरुस्तीसाठी ते जिथे थांबले, तिथे आज कुकटाऊन आहे. तिथल्या लोकांची भाषा गुगू यिमिथिर. तिच्यात एका जातीच्या मोठ्या कांगारूला 'गँगुरू' म्हणतात. कुकच्या लोकांनी तो शब्द बऱ्यापैकी नीट टिपून घेतला. गडबड झाली ती पुढे. १७८८ मध्ये सिडनीला उतरलेल्या गोऱ्यांनी तोच शब्द तिथल्या लोकांपुढे वापरला, आणि त्यांना तो कळेचना. कसा कळणार? कुकटाऊन आणि सिडनीमध्ये सुमारे दोन हजार किलोमीटर. चेन्नईत शिकलेला तमिळ शब्द अमृतसरला जाऊन फेकावा, तसं ते झालं. त्या काळी या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. 'इथली भाषा' अशी एक भाषा नव्हतीच.

म्हणजे ज्या विनोदावर मी तीस वर्षं हसत आलो, त्यात येडा ठरत होता तो बिचारा स्थानिक माणूस. आणि त्याने तर सरळ बरोबर उत्तर दिलं होतं. 'डॉबरमन'नंतर मी दुसऱ्यांदा चुकीच्या ठिकाणी हसलो होतो.

तेव्हापासून कागदावर तिसरा रकाना आला, 'कुणाचा शब्द?' आणि मग एकेक गोष्टी बाहेर यायला लागल्या. कोआला आणि वाँबॅट हे सिडनीकडच्या धारुग भाषेतले. 'बिलाबाँग', म्हणजे नदीपासून तुटून राहिलेलं डबकं, हा विराजुरी. ही प्राण्यांची आणि पाण्याची नावं, ती तिथलीच असणार, समजू शकतो. पण 'हार्ड यॅका'? ढोर मेहनत. इमारतींवर काम करणारे, पिवळी जॅकेटवाले लोक ज्या शब्दाची शपथ घेतात, त्या नावाचा कामाच्या कपड्यांचा ब्रँडसुद्धा आहे. अगदी अस्सल ऑस्ट्रेलियन रांगडा शब्द! तो आहे ब्रिस्बेनकडच्या यागारा लोकांचा. 'यागा' म्हणजे काम.

आणि आमच्या मेलबर्नची यारा नदी? १८३५ मध्ये वेज नावाच्या सर्व्हेअरने स्थानिकांच्या तोंडून 'यारो-यारो' असं काहीतरी ऐकलं आणि तेच नदीचं नाव म्हणून लिहून टाकलं. ते बोलत होते धबधब्यासारख्या वाहत्या पाण्याबद्दल. नदीचं वुरुंजेरी लोकांचं नाव वेगळंच आहे, बिरारंग. धुक्याची नदी. मी रोज ट्रॅममधून ती ओलांडतो. थंडीत सकाळी सातला खरंच धुकं असतं.

आता ऑक्टोबर. १४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. देशभर सार्वमत होतं. इथल्या मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी एक सल्लागार समिती, 'व्हॉइस', तिला राज्यघटनेत जागा द्यायची की नाही? कागदावर 'यस' किंवा 'नो' लिहायचं. मतदान केंद्र मुलांच्याच शाळेत. इथे मतदान सक्तीचं, पण ते नागरिकांना. आम्ही व्हिसावाले, म्हणजे पुरते कच्चे लिंबू. आम्ही गेलो होतो खायला. मतदानाच्या दिवशी पालक मंडळी शाळेच्या आवारात सॉसेज भाजून विकतात, त्याला 'डेमॉक्रसी सॉसेज' म्हणतात. २०१६ मध्ये तो शब्द इथला वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. आम्ही शाकाहारी, म्हणून पावात नुसता भाजलेला कांदा. तीही लोकशाहीच.

रांगेत गार्गीने विचारलं, "कशाचं मत आहे?" मी जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, "पण घर तर त्यांचंच आहे ना? दर सोमवारी असेंब्लीत आम्ही म्हणतो तसं."

इथल्या बहुतेक शाळांत असतं हे. कार्यक्रम सुरू होताना म्हणायचं, की ही भूमी ज्यांची आहे त्यांना आमचा आदर. आमच्याकडे वुरुंजेरी. पन्नास हजार वर्षांहून जास्त काळ माणसं या खंडावर राहतायत. तरी १७८८ नंतर कायद्याने दोन शतकं असं धरलं, की ही जमीन कुणाचीच नव्हती. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या एडी माबोने आणि त्याच्या सोबत्यांनी कोर्टात दहा वर्षं झुंज दिली, तेव्हा १९९२ मध्ये हायकोर्टाने, जे इथलं सर्वोच्च न्यायालय, ते तत्त्व मोडीत काढलं. निकाल लागला तेव्हा माबो हयात नव्हता. पाचच महिने आधी गेला.

त्या शनिवारी रात्रीच निकाल आला. साठ टक्के 'नो'. सहाच्या सहा राज्यांत 'नो'. मी कुणाचं मत चूक म्हणणारा कोण? 'नो' लिहिणारे माझ्या टीममध्ये होते, चांगली माणसं होती, त्यांची कारणंही वेगवेगळी होती. मूळ रहिवाशांतही काही जण 'नो'च्या बाजूला होते. पण सोमवारी संध्याकाळी गार्गी घरी आली आणि म्हणाली, "बाबा, आज असेंब्लीत आम्ही परत तेच म्हटलं."

"मग?"

"मग आम्ही ते खरं म्हणतो की नुसतंच म्हणतो?"

मला उत्तर आलं नाही. आजही नीटसं येत नाही. तिने वाट बघितली, मग पेन घेऊन फ्रीजपाशी गेली. 'फेअर गो'च्या पुढे 'कुणाचा शब्द?' या रकान्यात तिने एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. आजी रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, "आपला देश विसरणार नाहीस ना गं?" आणि मी आतून घाबरायचो, की पोरं मराठी विसरतील, इथलीच होऊन जातील. त्या दिवशी वाटलं, इथलं होणं इतकं वाईट नसावं. फक्त ते वरवरचं नको. आर्व्हो आणि ब्रेकीपुरतं नको.

नोव्हेंबरच्या एका रविवारी डँडेनाँगच्या डोंगरात फिरायला गेलो. वीस-वीस मजली युकॅलिप्टस, खाली नेच्याची झाडं. धाकटा पुढे पळाला आणि दिसेनासा झाला. गार्गीने तोंडाशी हात धरले आणि आरोळी ठोकली, "कूऽऽऽई!" लांबून उत्तर आलं, "कूऽऽई!" हा शब्दही धारुग, 'इकडे ये'. रानात हरवलेल्याला हाक मारायला गोऱ्यांनी त्यांच्याकडूनच घेतला. मला आमचे कोकणातले आजोबा आठवले. ते माडाच्या बागेतून असाच 'कूऽऽ' करून कुकारा घालायचे. ते मी मुलांना सांगितलं, आणि मग परतीच्या वाटेवर तिघांनी मिळून इतके कुकारे घातले, की बायको वीस पावलं मागे राहून चालायला लागली. आमची ओळख नसल्यासारखी.

आणि डिसेंबरमध्ये, शाळेचं वर्ष संपायच्या आठवड्यात, मी मुलांना आणायला गेटपाशी उभा होतो. मैदानावरून कुणीतरी ओरडलं, "गॅझा! चक अस द बॉल!" आणि माझ्या मुलीने बॉल फेकला.

ओरडणारा तोच. टोपीवाला.

ही बातमी ऐकून घरी हाहाकार. बायको म्हणाली, "गार्गी! भर सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारी गार्गी! तिचं गॅझा?" मी तिला नियम समजावला. नावात मधे 'र' असला की इथे त्याचा 'झ' होतो. गॅरीचा गॅझा, बॅरीचा बॅझा, शॅरनची शॅझा. अगदी रेग्युलर एक्सप्रेशन लिहिता येईल असा नियम आहे. गार्गीची गॅझा होणारच होती.

"आणि आपल्याकडे काय वेगळं आहे?" म्हटलं, "सुरेशचा सुऱ्या, दिलीपचा दिल्या. मला अख्खं कॉलेज पम्या म्हणतं. प्रमोद कोण म्हणतं? बँक आणि सासरे."

नाव मोडतात ते आपल्यात घेतलेल्याचंच. परक्याला पूर्ण नावाने हाक मारतात. मी त्या रात्री कुणाला न सांगता कागदाच्या तळाशी लिहिलं, 'गॅझा'. अर्थ, गार्गी. कुणाचा शब्द, आमचा.

असो. फ्रीज पुसायचा होता.

परवा हा कागद हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात गार्गी आली. आता ती माझ्या खांद्याला लागते. म्हणाली, "बाबा, नवीन घरात नको हं लावू. इट्स सो डॅगी."

"डॅगी म्हणजे?"

तिने सुस्कारा सोडला आणि सांगितलं. म्हणजे गावंढळ, पण प्रेमाने. आणि मूळ अर्थ, मेंढीच्या पार्श्वभागावरच्या लोकरीला चिकटून वाळलेली लेंडी.

"लिही मग," म्हटलं.

तिने लिहिलं. 'कुणाचा शब्द?' पुढे लिहिलं, 'मेंढीचा'. मग मी विचारलं, "ते 'फेअर गो'पुढचं प्रश्नचिन्ह, ते आता पुसायचं का?"

तिने कागदाकडे बघितलं. "नको," म्हणाली. "ते राहू दे."

कागद आता नव्या घरातल्या फ्रीजवर आहे. मॅग्नेट तीनच सापडले.